मागची फळी

१

तळ्याकाठच्या त्या सरकारी उद्यानात काटेसाहेबांची एक जागा ठरलेली होती. धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर एक लाकडी बाक होतं. त्याला टेकायला पाठ होती, वर झाडाची सावली होती आणि समोर ‘पाण्यात उतरू नये’ अशी पाटी होती. उद्यानातल्या बाकीच्या पाट्यांशी साहेबांचं फारसं पटत नसे. ही एक पाटी मात्र कोणीतरी आपल्याला विचारून लावली असावी, असं त्यांना वाटे.

काटे हे त्यांचं आडनाव नव्हे. उभा जन्म त्यांनी वजनकाट्यावर कारकुनी केली. वाळू, खडी, सळया, भंगार, जे काही ट्रकमधून जाई ते त्यांच्या खिडकीसमोरून जाई. गाडी फाटकातून वळतानाच तिच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे किती दबलेत आणि टायरचं पोट किती सुटलंय ते बघून साहेब वजन सांगत. मग काटा तेच सांगे. ड्रायव्हर लोक आधी पैजा लावत. हरून हरून कंटाळा आला तेव्हा त्यांनी पैजा सोडल्या आणि नाव ठेवलं. ते नाव घरी आलं, तिथून सासुरवाडीला पोचलं. निवृत्तीनंतर काटा जागच्या जागी राहिला, डोळा मात्र साहेबांबरोबर घरी आला. जिन्यात भेटलेल्या माणसाला ‘वाढलात हं थोडे’ असं सांगून त्यांनी बरीच जवळची माणसं तोडली होती.

दर थंडीत ते बायकोला घेऊन इथे येत. उद्यानाच्या लाकडी खोल्यांपैकी कोपऱ्यातली खोली घेत. बायकोला नाव वल्हवायची भारी हौस. सकाळी ऊन पाण्यावर उतरलं की ती धक्क्यावर जाई आणि नाव घेऊन लांब फेरी मारून येई. साहेब बाकावर बसत. त्यांचा जमिनीवर विश्वास होता. जी गोष्ट खालून हलते तिचं वजन करता येत नाही, आणि ज्याचं वजन करता येत नाही तिथे पाय ठेवू नये, असं त्यांचं साधं मत होतं.

“एकदा तरी बसा ना माझ्यासमोर,” बायको दरवर्षी म्हणे. “मागची फळी रिकामीच असते.”

“मग चपला कोण सांभाळणार?”

“चपला कोणी नेत नाही इथे.”

“मी सांभाळतो म्हणून नेत नाही.”

हा संवाद इतका मुरला होता की तो झाल्याशिवाय सुट्टी सुरू झाल्यासारखी वाटत नसे.

यंदा तिनं विचारलं नाही. चपला काढून बाकाखाली ठेवल्या, “येते हं,” म्हणाली आणि गेली. साहेब ‘चपला कोण सांभाळणार’ हे तोंडात तयार ठेवून तसेच बसून राहिले.

२

वल्हवणाऱ्याचं तोंड नावेच्या मागच्या बाजूला असतं. तो जातो एकीकडे आणि बघतो दुसरीकडे, बऱ्याच संसारांसारखा. त्यामुळे नाव धक्क्यावरून निघाली की बायकोचा चेहरा काठाकडे असे, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत आपल्याकडे बघते आहे, असं साहेबांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. ते हात करत. कधी ती वल्हं उचलून उत्तर देई, कधी विसरे.

त्या दिवशी त्यांनी हात केला तेव्हा ती हसत होती. पण हात पोचला नव्हता, हे त्यांना दिसलं. तिची नजर काठापर्यंत येतच नव्हती. अलीकडेच, नावेच्या शेपटाशी थांबत होती.

साहेबांनी चष्मा पुसला. उद्यानाच्या सगळ्या नावांना पाण्याच्या वर वीतभर जागा सोडून पांढरा पट्टा रंगवलेला होता. बायकोच्या नावेचा पट्टा पुढे उघडा होता. मध्येही दिसत होता. मागे मात्र तो पाण्यात गेला होता.

वाऱ्यानं असेल. किंवा नाव जुनी असेल, गळत असेल. साहेबांनी स्वतःला समजावलं. पण डोळा कोणाचं ऐकतो? समजूत घालून होईपर्यंत त्यानं आपलं काम उरकलं होतं. मागच्या फळीवर एका पुरुषाचं वजन होतं. साहेबांच्याच चणीचा, पण थोडा कमी.

हे ‘थोडा कमी’ त्यांना विशेष लागलं. म्हणजे पोट नसलेला.

पाण्यावरून बायकोचं हसणं आलं. पाण्यावर आवाज फसवा असतो, लांबचा जवळ वाटतो. पण ते हसणं साहेबांच्या ओळखीचं होतं. खूप जुन्या ओळखीचं. लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ते घरात असे, पुढे कुठेतरी माळ्यावर टाकल्यासारखं झालं होतं.

३

“नाव मागून दबते रे,” दुसऱ्या दिवशी साहेब नाववाल्याला म्हणाले. नाववाला म्हणजे धक्क्यावर नावा भाड्यानं देणारा माणूस. उन्हानं काळवंडलेला, तोंडात सदैव काडी.

“दबणारच. पोतं असतं ना.”

“कसलं पोतं?”

“रेतीचं. एकटं माणूस नाव घेतं ना साहेब, तेव्हा शेपूट उचलतं तिचं. वारा आला की गरगर फिरते. म्हणून मागच्या फळीवर रेतीचं पोतं ठेवायचं. दोघं असले की नाही लागत.”

साहेबांच्या छातीवरून एक भरलेला ट्रक उतरला. पोतं! रेतीचं! आयुष्यभर जी रेती मोजली तिनंच आपल्याला उल्लू बनवावं याचं त्यांना हसू आलं. बाकावर परत येऊन त्यांनी थर्मासमधला चहा ओतला. एका पोत्यावर आपण जळत होतो, हे बायकोला सांगावं की नाही, याचा विचार केला आणि सांगू नये असं ठरवलं. अशा गोष्टी बायका पुढे बरीच वर्षं वापरतात.

त्यानंतरच्या सकाळी ते मुद्दाम धक्क्यापर्यंत गेले. बायकोची नाव निघून गेली होती. पट्टा मागे बुडालेला, कालच्यासारखाच. नाववाला वल्ह्याला तेल लावत बसला होता. कशावर तरी ऐसपैस बसला होता. साहेबांनी वाकून बघितलं.

रेतीच्या पोत्यावर.

“हे दुसरं का रे?”

“कुठलं दुसरं? एकच तर आहे आपल्याकडे.”

“मग आज ठेवलं नाहीस?”

“काल मी आपली नेहमीची रीत सांगितली. काकू मात्र नको म्हणतात. पहिल्या दिवसापासून. मी उचलून आणलं तर म्हणाल्या, राहू दे, गरज नाही.” नाववाल्यानं काडी तोंडाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्यात नेली. “मी म्हटलं, फिरेल नाव. तर फिरत नाही. बघताय ना? सरळ चालली आहे.”

साहेब बघत होते.

“तुला काही वाटत नाही त्याचं?”

“साहेब, मी नावा देतो,” नाववाला वल्ह्याकडे बघत म्हणाला. “कोण कोणाबरोबर बसलं ते विचारत नाही. तसलं विचारलं तर धंदा बसेल.”

४

शेजारच्या खोलीत दरवर्षी येणाऱ्या एक मास्तरीणबाई उतरल्या होत्या. निवृत्त, एकट्या आणि बोलघेवड्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण त्यामुळे त्यांचं दुसऱ्यांकडचं लक्ष कमी झालेलं नव्हतं. दुपारी पायवाटेवर त्यांनी साहेबांना गाठलं.

“अभिनंदन हो!”

“कशाबद्दल?”

“शेवटी बसलात म्हणायचं नावेत! काल बघितलं मी तुम्हाला. वहिनी बिचाऱ्या दरवर्षी सांगायच्या मला, आमचे हे पाण्याला मांजरासारखे भितात म्हणून. चला, उशिरा का होईना.”

“मी बाकावर होतो काल.”

“असं कसं? मागे बसला होतात ना? पाठ दिसली मला. तुमचाच तो तपकिरी स्वेटर.”

साहेबांनी आपल्या अंगावरच्या तपकिरी स्वेटरकडे बघितलं. “मोतीबिंदू काढून घ्या बाई,” ते म्हणाले.

“काढायचाच आहे. पण तुमचा खांदा नाही का, एक जरा खाली असतो? तेवढं कळतं हो मला. चाळीस पोरांच्या वर्गात पाठीवरून पोर ओळखायची सवय आहे.” मग त्यांच्या एकदम लक्षात आलं असावं. त्या दोन पावलं मागे सरून म्हणाल्या, “तुम्ही नव्हतात, तर मग... भाऊ वगैरे आलेत का कोणी?”

साहेबांना भाऊ नव्हता.

खोलीत बायको पडली होती. तिथल्या खाटा लोखंडी, जाळीच्या. कोणी नुसतं कूस बदललं तरी कुरकुर करत, बसलं की मध्ये झोळ पडे. साहेब आले तशी ती उठून बसली, खाट करकरली. ती वेणी घालू लागली आणि गुणगुणू लागली. गाणं साहेबांना येत नव्हतं. ते तिला कधीपासून येत होतं, तेही त्यांना माहीत नव्हतं.

“आज कशी झाली फेरी?”

“छान.”

“एकटीला कंटाळा नाही येत?”

“आधी यायचा,” ती म्हणाली.

बाहेर कुठलं तरी बदक ओरडलं. साहेब खिडकीशी गेले, परत आले, थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं. त्यांची तर्कबुद्धी काही वेडी नव्हती. तिनं सांगून बघितलं की मोतीबिंदू आहे, पाणी आहे, ऊन आहे, वय आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. आणि तरी त्यांना जे छळत होतं ते हे नव्हतंच. नावेत काय आहे, हा प्रश्न त्यांना पडतच नव्हता. त्याला ती हसून काय सांगते, हा पडत होता.

“उद्या मी येतो नावेत,” ते म्हणाले.

वेणीतला हात थांबला. “उद्या?”

“का? अडचण होईल का कोणाची?”

हे त्यांनी टोमणा म्हणून मारलं होतं. तिनं मात्र प्रश्न विचारल्यासारखा विचार केला.

“नाही,” ती म्हणाली. “फळी तशी दोघांना पुरते.”

५

सकाळी धक्क्यावर वारा पडलेला होता. पाणी ताटात वाढल्यासारखं स्थिर. नाववाल्यानं साहेबांना तरंगायचं जाकीट घातलं. त्याला ओल्या पोत्याचा वास येत होता, आणि पट्टे पोटावर पोचायला का कू करत होते.

“साहेब, तुम्ही बसणार?” त्यानं हळूच विचारलं.

“का? वजन जास्त होतं?”

नाववाल्यानं नुसती मान नावेकडे वळवली.

बायको आधीच उतरून मधल्या फळीवर बसली होती, वल्ही हातात घेऊन. मागची फळी रिकामी होती. उन्हात लख्ख दिसत होती, तिच्यावर एक ओला डाग होता, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखा. आणि साहेबांनी अजून पाऊलही ठेवलं नव्हतं, तरी मागचा पट्टा पाण्याखाली होता.

शहाण्या माणसानं इथून परत फिरावं. काटेसाहेब शहाणे होते, साऱ्या कचेरीत तशी त्यांची ख्याती होती. पण भीती विचार करत उभी राहते, मत्सर तेवढ्यात उडी मारून मोकळा होतो. साहेबांनी धक्क्याचा खांब धरून एक पाय खाली टाकला, मग दुसरा, आणि मागच्या फळीवर, डाग सोडून, बूड टेकलं. नाव आणखी खाली गेली.

दोघांपेक्षा जास्त. त्यांना बघायचीही गरज नव्हती.

६

ती वल्हवत होती. काठ मागे गेला, बाक गेलं, पाटी गेली. वल्ह्यांचा एक आवाज होता आणि ती अडकवलेल्या कड्यांचा एक. बायकोचे हात ताठ होते, सरावाचे. चेहऱ्यावर ऊन होतं, आणि ती इतकी तरुण दिसत होती की साहेबांना राग आला. एवढं सगळं इथे होतं आणि आपण काठावर चपला राखत बसलो होतो!

ती त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या शेजारी बघत होती.

“काय बघतेस?”

“काही नाही.” मग, अगदी सहज, पंगतीत सांगावं तसं ती म्हणाली, “थोडं सरका ना.”

साहेब सरकले. का सरकले ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. सरकले, आणि त्यांच्या शेजारची फळी हलकेच वाकली. दंडाला गारवा लागला, ओला स्वेटर वाळत घातलेल्या दोरीजवळून गेल्यासारखा. त्यांनी तिकडे मान वळवली नाही. मान न वळवता माणूस किती वेळ बसू शकतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते नुसते बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, कारण तेवढीच एक गोष्ट अजून ओळखीची होती.

पण तिला चष्मा होता.

चष्म्याच्या काचांत तळं होतं, आभाळ होतं, आणि खाली, बोटाच्या पेराएवढी, मागची फळी होती. फळीवर दोघं बसले होते. दोघांच्याही अंगात तपकिरी स्वेटर होता. दोघांचाही एक खांदा जरा खाली होता. जाकीट फक्त एकाच्या अंगावर होतं, आणि दुसऱ्याचा हात पुढे होऊन बायकोच्या गुडघ्यावर होता. साहेबांनी चटकन आपले हात बघितले. दोन्ही हात फळीची कड धरून होते, पांढरे पडलेले.

“घरी चल,” ते म्हणाले.

“अहो, अजून दिवस आहेत आपले.”

“आत्ताच्या आत्ता. तू माझ्याबरोबर घरी चल.”

“आणि...” तिनं शेजारी बघितलं.

“ते जे काय आहे ते राहू दे इथेच पाण्यात! तुझं त्याच्यात काय गुंतलंय तेही राहू दे. मला त्याच्याशी कर्तव्य नाही. तू माझी बायको आहेस, घरी चल, एवढंच.”

वल्ही थांबली. त्यांच्या टोकांवरून पाणी ठिबकत राहिलं. आज पहिल्यांदा तिनं सरळ साहेबांकडे बघितलं, दुकानदारानं निघालेल्या गिऱ्हाईकाकडे बघावं तसं, अजून काही हवंय का या नजरेनं.

“नक्की? मी घरी आले की झालं?”

“झालं.”

“बाकी काही नको ना? मागाहून कुरकुर चालायची नाही हं.”

“काही नको.”

ती थोडं थांबली. शेजारून काही उत्तर आलं असावं, कारण तिनं मान हलवली, आणि गालात हसली. ते हसणं तिथेच, वल्ह्यांच्या मध्ये कुठेतरी ठेवून दिल्यासारखं संपलं. मग तिनं नाव वळवली.

७

धक्क्यावर साहेब आधी चढले. नाववाल्यानं हात दिला. नाव एका माणसाच्या वजनानं वर आली, जशी यायला हवी तशी. साहेबांचा श्वास परत आला.

मग बायको चढली. हात न धरता, पायरी चढावी तशी.

नाव वर आली नाही.

साहेबांनी नाववाल्याकडे बघितलं. नाववाल्यालाही दिसलं होतं. त्यानं दोर खांबाला गुंडाळला, रेतीचं पोतं उचललं, धक्क्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं आणि पाठ करून बसला.

खोलीत बायकोनं निमूटपणे सामान भरलं. साहेबांच्या सदऱ्यांच्या घड्या त्यांना आवडतात तशा घातल्या. चहा केला, साखर बरोबर घातली. गुणगुणली नाही. “दमलीस?” विचारलं तर “नाही” म्हणाली, “राग आला?” विचारलं तर “छे” म्हणाली. सगळी उत्तरं बरोबर होती. मग ती खाटेवर बसली.

खाट कुरकुरली नाही.

साहेब तिच्या शेजारी बसले. जाळीला झोळ पडला, पण तो त्यांच्याच बाजूला. त्यांनी तिचा हात हातात घेतला. हात तिचाच होता, उबदार होता, बांगडी होती, जुना भाजल्याचा डाग होता. त्यांनी तो तळव्यावर तोलून बघितला. आयुष्यभर त्यांनी भरलेल्या गाड्या बघितल्या होत्या आणि रिकाम्याही. रिकाम्या गाडीलाही आपलं स्वतःचं वजन असतं.

त्यांनी हात हळूच खाली ठेवला आणि ते खिडकीशी गेले.

खिडकीतून धक्का दिसत होता. नाव बांधलेली होती, आत कोणी नव्हतं. पांढरा पट्टा मध्ये पाण्याजवळ दबला होता, आणि मागे पाण्याखाली होता. मध्ये बायकोएवढं वजन, मागे साहेबांएवढं, थोडं कमी. नाववाला पाठ करूनच बसला होता. खांबाचा दोर आधी ढिला झाला, मग सुटून पाण्यात पडला. वारा नव्हता. तरी नावेनं सावकाश तोंड फिरवलं आणि ती निघाली, सरळ, अजिबात न फिरता.

पाण्यावरून हसणं आलं.

“अहो,” मागून बायको म्हणाली, “चहा निवतोय.”

साहेबांनी मान वळवली नाही. वल्हवणाऱ्याचं तोंड काठाकडे असतं. नाव ठिपका होईपर्यंत ते खिडकीचा गज धरून उभे राहिले, ती एकदा तरी इकडे बघते का ते बघत.